पेजवाली

पेणच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे मृणाली मोकल बसते. खोलीला पाटी नाही. बचत गटाच्या बायका खाली येऊन विचारतात, "पेजवाली हाय का वर?" झेरॉक्सवाला मान वर न करता अंगठ्याने जिना दाखवतो.

हे नाव तिला तिच्या आत्याने दिलं. पेणमध्ये काम लागल्यावर मृणाली पहिल्यांदा आत्याच्या गावी, कोलटखारला गेली, तेव्हा गिरजाबाई मासळी निवडत ओट्यावर बसली होती.

"काय काम करतस गो तू पेनान?"

"आत्ये, गावोगावच्या संस्था, बचत गट असतात ना, त्यांना पेज काढून देते. त्यांचं पेज सांभाळते."

गिरजाबाईने हातातली मांदेली टोपलीत टाकली. "कसली? भाताची का नाचनीची?"

फोनवरचं पेज आणि ताटातली पेज यातला फरक मृणालीने अर्धा तास समजावून सांगितला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या सगुणाला हाक मारून सांगितलं, "आमची मृणाली पेज वाटते. भुकेल्याला पेज देनं पुन्याचा काम हाय." नाव चिकटलं. खाडीकाठावरून ते वडखळला आलं आणि वडखळहून मिनीडोअरमध्ये बसून पेणला पोचलं.

मृणालीचा जन्म रोह्याचा. तिचा बाप सुभाष तरुणपणी कोलटखार सोडून एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला आणि शिफ्टच्या भोंग्यावर आयुष्य लावून बसला. गावची शेती बहिणीकडे राहिली. मृणाली उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जायची, चिखलात खेकडे पकडायची, आत्याची बोली घेऊन परत यायची आणि रोह्याच्या शाळेत आठ दिवस चिडवून घ्यायची. पुढे तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, पनवेलच्या एका ऑफिसात दोन वर्षं बिल्डरांच्या जाहिराती केल्या. ज्या इमारतीतून समुद्र दिसत नव्हता, तिच्यासाठी ती लाटांचे आवाज लावत असे. एक दिवस तिने ते सोडलं. पेणमधल्या एका संस्थेला कोणीतरी हवं होतं. गटांना, मंडळांना, वसतिगृहांना सोशल मीडिया नीट वापरता यावा म्हणून मदत करणारं. पगार पनवेलच्या निम्मा होता. सुभाषने विचारलं, "फोन बघायचे पैसे देतात?"

ती मन लावून काम करायची. नंदाताईंच्या पापडाच्या गटाचं पेज गणपती आणि इतर देवांच्या चित्रांनी भरलेलं होतं. तिने ती काढली आणि पोह्याचा पापड लाटताना नंदाताईंच्या बांगड्या कशा वाजतात त्याची छोटी चित्रफीत टाकली. मुंबईहून ऑर्डरी आल्या. रोह्याजवळच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात सरांना देणगीसाठी केविलवाणे फोटो हवे होते. तिथे सातवीतली पारी तिला म्हणाली होती, "माझा फोटो काढ, पन थांब, मी चप्पल घालून येते." मृणाली थांबली. चप्पल घातलेल्या पारीला देणगी थोडी कमी आली, हे खरं. सरांनी ते दोनदा बोलून दाखवलं. पण तिने अनवाणी फोटो लावला नाही.

शिकवायला गेली की ती तीनच गोष्टी सांगायची. चेहरा दाखवायचा तर आधी विचारा. लिहिताना बोलता तसं लिहा, पुस्तकी लिहू नका. आणि पेजची किल्ली कधी एकाच्याच हातात ठेवू नका, निदान दोघं अ‍ॅडमिन हवेत.

पहिल्या दोन तिने स्वतः पाळल्या. तिसरी मात्र हळूहळू सुटत गेली. नंदाताई म्हणाल्या, "तूच ठेव बाई, माझ्याकडून तो पासवर्ड हरवेल." वसतिगृहाच्या सरांनी फोन बदलला आणि नवा नंबर कळवायचं विसरले. करता करता सगळ्यांच्या किल्ल्या तिच्या एकटीच्या कमरेला येऊन बसल्या. तिला ते थोडं आवडतही होतं.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला कोलटखारचा बांध फुटला.

खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांब बांध असतो. त्याला भगदाड पडलं की लोक म्हणतात, खांड गेली. त्या पहाटे गेली ती बैलगाडी सहज आत जाईल एवढी. लावणी होऊन महिना झाला होता, भात पोपटी होतं, आणि त्यात खारं पाणी शिरलं. दर भरतीला शिरू लागलं. सखल भागातली शेतं आधी. त्यात गिरजाबाईचं शेत सगळ्यात खाली. ती विधवा, मुलगी लग्न होऊन उरणला. वर्षाचं भात त्या शेतातून येतं, दुसरीकडून नाही.

खांड कधीही बांधता येत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी उसळतं, ते उधाण. त्यात टाकलेली माती खाडी गिळते. अष्टमीच्या आसपास भरती मंदावते, पाणी फार चढत नाही. त्या तीन-चार दिवसांना भांग म्हणतात. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द असतो आणि परीक्षेनंतर लोक तो विसरतात. खाडीकाठी विसरून चालत नाही. गोकुळाष्टमीच्या भांगाला खांड बांधायची आणि पिठोरी अमावास्येच्या उधाणाच्या आत बांध पुन्हा उभा करायचा, असं गावाने ठरवलं. नाहीतर अमावास्येचं पाणी आत येणार आणि भात करपणार.

पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. मारुती म्हातारा पत्र्याचा डबा बडवत गावातून फिरला की पुरे. आता घरं आहेत, पण त्यातली तरणी माणसं पनवेल, तळोजा, उरण अशी पांगलेली. डब्याचा आवाज तिथवर जात नाही. म्हणून तर मागच्या वर्षी बांध मंडळाचा अध्यक्ष दिनेश, जो एरवी वडखळ-पेण मिनीडोअर चालवतो, त्याने मृणालीकडून मंडळाचं पेज काढून घेतलं होतं. ते चाललंही होतं. गेल्या उन्हाळ्यात बांधाच्या डागडुजीला तळोज्याहून पोरं आली ती पेजवर वाचूनच.

या वेळी दिनेशने फोन केला. "काय लिवू गो?"

"दादा, बोलतोस तसं लिही."

त्याने लिहिलं: "गोकुलाष्टमीला भांग हाय. चार दिस भांग. घरटी एक मानुस पायजेच. घमेला फावडा घेऊन या. जेवनाची सोय हाय. जो येनार नाय त्याला गाव इचारेल."

मृणालीने ते एसटीत बसून वाचलं आणि तिला हसू आलं, आनंदाचं. एक अक्षर न बदलता तिने पोस्ट टाकली. मग, गावातली सगळीच माणसं पेज बघत नाहीत, निदान पनवेल-उरणकडच्या सगळ्यांच्या फोनवर हे झळकावं म्हणून, संस्थेच्या खात्यातून थोडे पैसे टाकून ती बूस्ट केली. पनवेलच्या ऑफिसात ती हे रोज करायची. बोट आपोआप गेलं.

बूस्ट केलेली पोस्ट ओळखीच्याच माणसांकडे जाते असं नाही. ती अनोळखी फोनांवर गेली. ज्यांनी भांग फक्त महाशिवरात्रीला ऐकलेली, अशा फोनांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या पोस्टचं चित्र करून फिरवलं. वर लिहिलं होतं, "या गावात शिफ्ट व्हायचंय. चार दिवस भांग, जेवणाची सोय, आणि नाही आलात तर गाव विचारणार." हजारो लोक हसले. खाली एकाने लिहिलं, "घमेल्यात घोटतात वाटतं." दुसऱ्याने, "फावडं कशाला, पडलेल्यांना उचलायला?" काहींनी मात्र गंभीरपणे तक्रारी केल्या. त्या तक्रारी कुठल्यातरी यंत्राने वाचल्या.

षष्ठीच्या संध्याकाळी मृणालीच्या फोनवर दोन ओळी आल्या. अमली पदार्थांच्या विक्रीबाबतच्या नियमांचा भंग झाल्यामुळे तिचं खातं बंद करण्यात आलं होतं. भंग हा शब्द तिने दोनदा वाचला. मग बांध मंडळाचं पेज उघडायला गेली, ते नव्हतं. नंदाताईंचं उघडायला गेली, नव्हतं. वसतिगृहाचं नव्हतं. सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात होत्या आणि जुडगाच गेला होता.

सप्तमीचा दिवस तिने त्या खोलीत काढला. खातं परत मिळावं म्हणून अर्ज केला; आधारकार्डाचा फोटो, स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. भरती-ओहोटीचा अर्थ कुठे लिहायचा, त्याला जागाच नव्हती. उत्तर आलं की काही दिवसांत तपासणी होईल.

नंदाताई जिना चढून आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गणपतीच्या ऑर्डरी सगळ्या त्यातच होत्या ना मृणाली? कोनाचं नाव, कोनाचा पत्ता, सगळं मेसेजमध्ये."

"हो ताई."

"मी म्हटलं होतं तूच ठेव किल्ली." त्यांनी खुर्ची पंख्याखाली ओढली. "पन तू तर शिकवलंस की एकाकडं ठेवू नका. मंग मला रागावायचं होतंस ना तेव्हा."

खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं आणि त्याचा उजेड जिन्यावरून सरकत जात होता.

तेवढ्यात दिनेशचा फोन आला. "पोरां इचारतात, रद्द झाला काय? पेज गेला तं त्यांना वाटला, काम पन गेला."

"रद्द नाही दादा. सगळ्यांना फोन कर."

"करतंय ना. पन ऐक. सगुनाचा जगन सुट्टी मागाय गेला सायबाकडं. सायेब फोन दाखवून हसला. 'भांगेला सुट्टी पायजे काय रे तुला?' आख्खी लाईन हसली. जगन तसाच मशीनवर जाऊन बसला. आता फोन उचलत नाय."

अष्टमीला सकाळी ती वडखळला उतरली आणि दिनेशच्याच मिनीडोअरने कोलटखारला गेली. रस्त्यावर दहीहंडीचे दोर बांधायचं काम चाललं होतं. दिनेशने गाडी बांधाच्या टोकाला उभी केली आणि फावडं घेऊन निघाला.

खांडीपाशी जेमतेम दहा-बारा माणसं होती. त्यात मारुती म्हातारा, काही बायका. ओहोटी होती, खांडीच्या तोंडात चिखल दिसत होता, बांबू ठोकून झाले होते. पण चिखलाच्या ढेपा हातोहात देत न्यायला माणसांची रांग लागते, आणि रांग अर्ध्यातच तुटत होती. एक ढेप घेऊन माणूस दहा पावलं चालायचा, ठेवायचा, परत यायचा. गिरजाबाई पदर खोचून रांगेत उभी होती. भाचीला बघून ती फक्त म्हणाली, "आलीस? सर पुढं."

मृणालीने दोन तास ढेपा वाहिल्या. तिच्या हातून त्या फुटत होत्या. शेवटी ती थांबली आणि आत्याला म्हणाली, "आत्ये, मी अर्ज केलाय. खातं चालू होईल, मग परत टाकते पोस्ट."

"कवा?"

"काही दिवस लागतील."

"मृणे, तुझा अर्ज थांबेल. आठमी थांबेल काय?"

सगुणा बाजूलाच होती. तिने कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला. "त्या फोनानं केला, तर फोनानंच कायतरी कर ना. का मारुतीचा डबा नेऊ मी तलोज्याला?"

बायका हसल्या, थकलेल्या. मृणालीने सगुणाकडे पाहिलं. तिच्या कमरेला पिशवीत फोन होता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईकडे होता, मुलाने घेऊन दिलेला, फक्त उचलण्यापुरता वापरला जाणारा.

"सगुणाकाकू, जगनला आवाज पाठवायचा?"

"तो उचलत नाय गो."

"उचलायला नको. तुम्ही बोला, तो कधीतरी ऐकेल. हे बटण दाबून धरायचं."

सगुणाने बटण दाबलं आणि फोनवर ओरडली, जणू पलीकडच्या बांधावर कोणी उभं आहे. "जगन, मी आय बोलतंय. तुझा सायेब हसला ना? हसू दे. त्याला सांग, भांग आमी पीत नाय, भांगान आमी भात वाचवतू. आनि तू नाय आलास तं मी तुझ्या कंपनीच्या दारान येऊन उभी राहीन, चिखलाच्या हातांनी." मग हळू आवाजात, बोट तसंच ठेवून, "जेवलास काय रे?"

ती मृणालीकडे वळली. "गेला?"

"गेला."

ते दुपारभर चाललं. भरती आल्यावर काम थांबलं, तेव्हा मृणाली घरोघर फिरली. जे बांधावर नव्हते त्यांच्याही दारात. प्रत्येक आई आपल्या पोराशी, प्रत्येक सासू आपल्या जावयाशी. एकीला रडू आलं म्हणून दोनदा करावं लागलं. एकीने मुलाला निरोप द्यायचा सोडून सुनेची तक्रारच केली आणि बटण सोडल्यावर म्हणाली, "मरू दे, असाच जाऊ दे." सगळ्यांना एकदम जाईल अशी एकही गोष्ट मृणालीने त्या दिवशी केली नाही. तिला ते फार हळू वाटत होतं, आणि सारखं वाटत होतं की हे तिने चार दिवस आधी करायला हवं होतं.

नवमीला दहीहंडी. थोडे आले, बाकीचे पेण-पनवेलच्या हंड्यांत अडकलेले. दशमीला मात्र पहाटेपासून मोटारसायकली येऊ लागल्या. जगन आला. तो पँट वर दुमडून थेट खांडीच्या तोंडात उतरला. कोणीतरी ओरडलं, "जगन, चढली काय रे?" तो म्हणाला, "चढेल अमाशेला. ढेप दे." त्या दिवशी रांग पहिल्यांदा तुटली नाही. चिखल हातातून हातात जात राहिला, पेंढा, गोण्या, पुन्हा चिखल. खांड कमरेएवढी भरून आली.

एकादशीला पाणी वाढू लागलं. भांग सरला होता. वरचा थर बसला नव्हता, आणखी एक पूर्ण दिवस लागला असता. सगळ्यांनाच ते दिसत होतं. मृणाली खांडीकडे बघत होती, तेव्हा दिनेश शेजारी येऊन उभा राहिला.

"आठमीला एवढी मानसं असती तं," तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून गाडीकडे गेला.

अमावास्येच्या उधाणाला अर्धा भराव टिकला. पाणी त्याच्यावरून आत आलं. जोर मोडला होता, म्हणून वरची शेतं वाचली. गावातल्या निम्म्याहून जास्त घरांचं भात राहिलं. सखल भागात पाणी तुंबलं. चार दिवसांत तिथलं भात तांबूस झालं. त्यात सगळ्यात खालचं शेत गिरजाबाईचं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मृणालीचं खातं परत मिळालं. तपासणीत नियमांचा भंग आढळला नाही, गैरसोयीबद्दल खेद आहे, असं लिहिलं होतं. तिने पहिलं काम केलं ते अ‍ॅडमिन नेमण्याचं. नंदाताईंना त्यांचं पेज, सरांना त्यांचं. नंदाताईंच्या काही ऑर्डरी तोवर दुसरीकडे गेल्या होत्या. संस्थेत तिने बूस्टबद्दल सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता. ते ऐकून तिला आणखी वाईट वाटलं.

गौरी-गणपतीला ती कोलटखारला गेली. सगळी पोरं सणाला घरी आली होती, आणि शुक्ल अष्टमीचा भांग गौरींच्याच दिवसांत येत होता. खांड आता नक्की बांधून होणार होती. दिनेश आत्याच्या ओट्यावर येऊन बसला, मृणालीने त्याच्या फोनवरून त्यालाही पेजचा अ‍ॅडमिन केलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"आता तूच टाक दादा. माझ्याशिवाय."

त्याने टाईप करायला सुरुवात केली आणि थांबला. "भांग लिवू का नको?"

मृणालीच्या डोक्यात दोन-तीन पर्यायी शब्द होते, बरे, निर्धोक.

आतून गिरजाबाई म्हणाली, "लिव. दुसरा काय नाव हाय त्याला?"

दिनेशने लिहिलं. या वेळी त्याने ते फक्त गावाच्या माणसांपुरतं ठेवलं, आणि वर आपल्या आवाजाचा निरोपही जोडला.

तो गेल्यावर गिरजाबाईने दोन वाडग्यांत पेज आणली. गेल्या वर्षीच्या भाताची. कणगीत किती उरलंय, ते मृणालीने विचारलं नाही आणि आत्याने सांगितलं नाही. दारातून खालचं शेत दिसत होतं, चिखलावर पांढरी कड धरलेलं.

मृणालीने मिठाचा डबा ओढला. आत्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"चाखून बघ आधी," ती म्हणाली. "यंदा पान्यालाच हाय."

मृणालीने चाखलं. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. तिने डबा मागे सारला आणि वाडगा तोंडाला लावला. आत्या तिच्याकडे बघत बसली होती, ती संपवते की नाही ते.